मालकांचा चुकलेला शेरा

आमचे मालक कुणाच्याही घरात शिरताना उंबऱ्यावर थांबायचे आणि नाकाने एक लांब श्वास घ्यायचे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागलाय. कुणीतरी लगबगीने खुर्ची पुढं करायचं. ज्यांना माहीत होतं ते मात्र आपापल्या स्वयंपाकघराकडे चोरून बघायचे.

मालक म्हणजे घरमालक. कोल्हापुरात कॉलेजला असताना तीन वर्षं मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत आणखी दोन मुलींबरोबर राहिले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि हा कागद हातात पडला तर वाचायच्या आधी ते त्याचा वास घेतील हेही मला माहीत आहे.

त्यांची सगळी नोकरी दूध संघाच्या तपासणीत गेली होती. गावोगावच्या संस्थांमधून दुधाचे कॅन यायचे. कॅनचं झाकण उघडलं की त्याच क्षणी तोंड खाली नेऊन वास घ्यायचा आणि एका श्वासात ठरवायचं: चांगलं, आंबट, की न धुतलेल्या कॅनचं. मग खडूने कॅनवर खूण करायची. बरोबर, नाहीतर फुली. फुली पडली की दूध परत. पुढे यंत्रं आली, पण मालकांचा यंत्रांवर विश्वास बसला नाही. "मशीन फॅट सांगतंय," ते म्हणायचे, "म्हस कुणाच्या दारात हाय ते सांगतंय व्हय?"

त्यांचं एक वाक्य आम्हा तिघींना पाठ झालं होतं. "पहिला वास खरा. दुसऱ्या वासाला नाक सवकलेलं आसतंय."

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा पप्पा बरोबर होते. आमचं गाव बिद्रीच्या बाजूला. पप्पा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते आणि आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. पप्पांना शहरातल्या माणसाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. ते हात जोडून नुसते उभे होते. मालकांनी आमच्याकडे बघितलंच नाही. माझ्या हातातलं भाकरीचं गाठोडं घेतलं, नाकाशी नेलं आणि बायकोला हाक मारली.

"अगं ए, भाकरी आज पहाटेची हाय. तव्यावर न्हाय, चुलीवर फुगवल्याली. पोरगी ऱ्हाईल नीट. किल्ली दे."

पप्पा बसस्टँडवर जाताना म्हणाले, "मानूस येगळा हाय, पण खोटा न्हाय."

परीक्षेच्या आधी मालक माडीवर यायचे आणि आमची पुस्तकं उचलून एकेकाचा वास घ्यायचे. "वापरल्याल्या पुस्तकाला हाताचा वास येतो," ते सांगायचे. एकदा माझं प्राणिशास्त्राचं पुस्तक त्यांनी परत ठेवलं आणि म्हणाले, "ह्याला अजून दुकानाचाच वास हाय की गं." मी खाली मान घातली. त्या सत्रात मला सगळ्यात कमी मार्क त्याच विषयात पडले.

त्यांच्या खिशात खडूचा तुकडा कायम असायचा. पेठेतल्या एका मिसळवाल्याच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी रश्शाचा वास घेऊन फुली मारली होती, तेव्हा तो माणूस उलथनं घेऊन त्यांच्या मागे धावला होता. मालक वळून म्हणाले, "मला मार, पण त्याल बदल." आठवड्याने त्याने तेल बदललं आणि स्वतः येऊन मालकांना घेऊन गेला. मालकांनी तिथे दोन प्लेट मिसळ खाल्ली, फुली पुसली आणि मगच घरी आले.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांची थट्टा करायची एकही संधी सोडत नसत. "मला बघायला आलते तवा माझ्याकडं मान वर करून बघितलं न्हाय ह्यांनी," त्या आम्हाला सांगायच्या. "चहाची कपबशी नाकाला लावली आनि माझ्या वडलास्नी म्हणाले, दुधात पानी न्हाय, पसंत हाय!"

"मग चुकलं का काय?" मालक वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे.

"तुमचं न्हाय चुकलं. माझ्या बापाचं चुकलं. जरा पानी घालाय पायजे हुतं."

मी दुसऱ्या वर्षाला असताना पप्पांना पोटाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच तो पुढं गेला होता. चार महिन्यांनी डॉक्टरांनी चुलत्यांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता उपचार थांबवू. दुखणं कमी ठेवणं एवढंच हातात आहे. घरी ते जमणार नाही, अशा रुग्णांची शेवटपर्यंत सेवा करणारी दोन शुश्रूषा केंद्रं आहेत, ती बघून घ्या.

बाहेर आल्यावर चुलते भिंतीला टेकले. मग म्हणाले, "तू शिकल्यालीस. तू बघ कुठलं चांगलं हाय ते. आमाला त्यातलं काय कळतंय?"

मी एकोणीस वर्षांची होते. मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. पण आमच्या घरात फॉर्म भरायचा असो की औषधाचं नाव वाचायचं असो, ते माझ्याकडेच यायचं. आता पप्पांनी शेवटचे दिवस कुठं काढायचे, हेही माझ्याकडे आलं होतं. मी माडीच्या पायरीवर बसून मोबाइलवर दोन्ही केंद्रांची माहिती काढली. दोघांनाही लोकांनी भरपूर तारे दिले होते.

मालक मागून डोकावले. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडले.

त्यांनी माझ्या हातातला मोबाइल घेऊन पालथा ठेवला. मग म्हणाले, "तारे आभाळात आसत्यात पोरी. जाग्यावर जाऊन बघाय लागतंय. उद्या जेवणाच्या वक्ताला जाऊया."

"जेवणाच्या वेळेला कशाला? त्यांना आवडणार नाही."

"न्हाय आवडत, म्हणूनच. सांगून गेलं की कॅन धुतल्यालाच आसतोय."

पहिलं केंद्र शहराबाहेर उसाच्या फडांमध्ये एका जुन्या घरात होतं. मालक उंबऱ्यावर थांबले. श्वास घेतला. "औषध हाय, साबन हाय, मानसं हाईत," ते म्हणाले. "लपवाछपवी न्हाय." मग त्यांची तपासणी सुरू झाली, आणि मी वहीत लिहून घ्यायला लागले. कार्यालयात ते गेलेच नाहीत. फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, तुम्ही इथं किती वर्षं आहात? पाण्याचा पेला रुग्णाच्या हाताला लागेल असा ठेवलाय का, ते बघितलं. एका आजोबांच्या परवानगीने पांघरूण वर करून त्यांच्या टाचा बघितल्या. "पडून ऱ्हायल्याल्या मानसाची पहिली टाच जाती," ते मला म्हणाले. आजोबांच्या टाचा तेल लावलेल्या, स्वच्छ होत्या, खाली उशी होती. मालकांची मान हलली. मला वाटलं, झालं, हेच.

मग ते मागच्या अंगाला भांडी घासायच्या जागी जाऊन उभे राहिले. रिकाम्या कॅनवरून संस्था कळते, तसं परत आलेल्या ताटावरून घर कळतं, असं त्यांचं म्हणणं. ताटं येऊ लागली. भात तसाच. भाकरीचा एक तुकडा मोडलेला. वरणाच्या वाटीला बोटसुद्धा लागलेलं नाही. आणि खिडकीजवळच्या खाटेवरच्या माणसाला तर ताट दिलंच नव्हतं. त्यांच्याजवळ एक बाई बसली होती आणि ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत होती.

"ह्यास्नी जेवान न्हाय?" मालकांनी मावशींना विचारलं.

"नको म्हणालेत."

"नको म्हणाले म्हणून दिलं न्हाय?"

"व्हय."

आमच्याकडे 'नको' या शब्दावर कुणी थांबत नाही. पाहुणा नको म्हणतो आणि आपण वाढतो. पुन्हा नको म्हणतो, पुन्हा वाढतो. तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत तर त्याचा पहिला 'नको' मोजतसुद्धा नाहीत. मालकांचा चेहरा लाल झाला. केंद्र चालवणाऱ्या सिस्टरांना भेटूया असं मी म्हणाले, पण ते तोवर फाटकाबाहेर गेले होते. फाटकाच्या खांबावर त्यांनी खडूने हातभर मोठी फुली मारली.

"उपाशी ठेवत्यात मानसं," ते म्हणाले. "टाचा पुसून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी बघितलेलं दुसरं केंद्र नवं, काचेच्या दाराचं. उंबऱ्यावर मालक थांबले, शिंकले, मागे आले, पुन्हा आत जाऊन पुन्हा शिंकले. "सेंट मारलाय," ते पुटपुटले. "कशाला मारलाय?" पण मागच्या बाजूला ताटं येत होती आणि ती सगळी लख्ख रिकामी होती. मालक बघतच राहिले. बाहेर येऊन त्यांनी काचेच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली. पप्पांना आम्ही तिथं ठेवलं.

पहिले चार दिवस घरात सगळे खूश होते. आई मला फोनवर म्हणाली, "जेवाय लागलंय गं तुझा बाप. ताट पुसून घेतंय म्हणत्यात." चुलत्यांनी गावात सांगितलं, की पोरीनं जागा चांगली शोधली.

पाचव्या दिवशी मी जेवणाच्या वेळेला तिथं होते. भरवणारी ताई प्रेमळ होती, हे मला सांगायला हवं. ती पप्पांची हनुवटी हलकेच धरायची आणि म्हणायची, "हा घास लेकीचा. बघा, लेक बसलीया समोर. खायचा का न्हाय?" पप्पा माझ्याकडे बघून तोंड उघडायचे. घास गिळताना त्यांचा सगळा गळा ताणला जायचा. खोकला यायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, ताई पाठ चोळायची आणि पुढचा घास करायची. ताट रिकामं झालं. ती मला दाखवून घेऊन गेली. नातेवाइकांना तेच बघायचं असतं, हे तिला अनुभवाने माहीत झालं असावं. आम्हालाही तेच बघायचं होतं.

ती गेल्यावर पप्पांनी पोट धरलं. मग उलटी झाली. मी तोंड पुसलं तेव्हा ते म्हणाले, "उद्या जेवणाच्या वक्ताला येऊ नगंस."

"का हो पप्पा?"

"तू आसलीस की खाया लागतंय."

मला त्या दिवशी कॉलेजला जायचं होतं. मी गेले नाही. बस पकडून उसातल्या त्या जुन्या घरात गेले आणि सिस्टरांना भेटायचंय असं सांगितलं. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या बाई बाहेर आल्या.  मी एकदम विचारलं, "तुम्ही खिडकीजवळच्या त्या माणसाला ताट का दिलं नव्हतं?"

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"त्यांचं शरीर जेवण मागायचं थांबलं होतं, बाळ," त्या म्हणाल्या. "अशा वेळी भूक जाते. ते उपाशी राहणं नाही. दिवा मंद होतो तेव्हा तेल कमीच लागतं. आपण वरून ओतत राहिलो तर वात बुडते. आम्ही रोज विचारतो, काय पाहिजे? ते जे सांगतील ते, सांगतील तेवढं. त्यांना फक्त ओठ ओले हवे होते. त्यांच्या बहिणीनं ते शेवटपर्यंत केलं."

"ते गेले?"

"तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. शांत गेले." मग त्या म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी पटत नाही कुणाला. मलाही माझ्या वडिलांच्या वेळी पटलं नव्हतं."

मी परत येताना बसमध्ये एकाच गोष्टीचा विचार करत होते. पप्पांना हलवायचं तर घरच्यांशी भांडावं लागणार होतं. पण त्याच्या आधी मालकांना सांगावं लागणार होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. माझ्यासाठी ते दोन दिवस उन्हात फिरले होते. त्यांच्या नोकरीत त्यांचा शेरा कुणी बदलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

ते अंगणात दुधाचं पातेलं राखेने घासत होते. ते काम ते काकूंना करू देत नसत. मी जवळ जाऊन उभी राहिले. पप्पा काय म्हणाले ते सांगितलं, सिस्टर काय म्हणाल्या ते सांगितलं.

"तपासनी कुनी केलती?" त्यांनी हात न थांबवता विचारलं.

"तुम्ही."

"मग?"

 मी हात ओढणीत लपवले. "चुकली, मालक."

स्वयंपाकघरात काकूंचं लाटणं थांबलं. मालकांनी पातेलं पालथं घातलं, हात धुतले आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळी परत आले. जेवले मात्र नाहीत. काकू मला हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं. आज त्यांच्यावर पहिल्यांदा कुनीतरी फुली मारलीया."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण उरकलं असेल अशा बेताने, मी पप्पांकडे गेले तर खाटेजवळच्या स्टुलावर मालक बसलेले. मला न सांगता आले होते. ताट उशिरा आलं होतं आणि ताई भरवत होती. पप्पा मालकांच्या मानासाठी तोंड उघडत होते. तिसऱ्या घासाला खोकला आला आणि थांबेना. मालक उठले. ताईच्या हातातलं ताट त्यांनी दोन्ही हातांनी अलगद घेतलं.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आता."

मग पप्पांकडे वाकून त्यांनी विचारलं, "पावणं, नगं वाटतंय न्हवं?"

पप्पांनी डोळे मिटले आणि मान हलवली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

बाहेर येऊन मालक पायरीवर बसले. मी शेजारी बसले. "माझ्या आईला मी शेवटच्या दिवशी पेज पाजलीया," ते समोर बघत म्हणाले. "ती तोंड मिटून घेत हुती. मी रागावलो. चमच्यानं दात उघडलं. सगळ्या गावाला सांगत फिरलो, आई जेवून गेली म्हणून. आजवर मला त्येचा अभिमान वाटत हुता बघ." त्यांनी खिशातून खडू काढला, बघितला, परत ठेवला. "हितल्या दारात नाक नको म्हणत हुतं. दोनदा नको म्हणालं. त्येचंबी ऐकलं न्हाय."

तिथून ते सरळ उसातल्या त्या घरी गेले. मीही गेले. फाटकाच्या खांबावरची फुली अजून तशीच होती. मालकांनी टॉवेलाचं टोक ओलं करून ती घासायला सुरुवात केली. सिस्टर बाहेर आल्या.

"तुम्ही मारली होती होय ती?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, रस्ता रुंद करायला मोजणीवाल्यांनी खूण केलीय. आमचे ट्रस्टी दोन दिवस कचेरीत खेटे घालताहेत!"

मला हसू फुटलं. मालक हसले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून, नोकरीत साहेबांसमोर उभे राहत असतील तसे ते उभे राहिले. "बाई, माझा शेरा चुकला. ही पोरगी सांगाय लागली म्हणून कळलं. हिच्या वडलास्नी जागा हाय का?"

जागा होती. चुलते मात्र ऐकेनात. "जेवत हुता की तितं!" ते फोनवर ओरडले. "दुसरीकडं न्हेऊन काय उपाशी ठेवणार हाईस?" मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. म्हणाले, "काका, तुम्हीच सांगितलंत ना, तू बघ म्हणून? मी बघितलंय."  मी बरोबर करतेय याची मला तेव्हा खात्री नव्हती. आजही कधीकधी दुपारी जेवायला बसले की ती शंका मनात येते.

पप्पा तिथं अकरा दिवस होते. दुखणं आवरलं होतं, त्यामुळं ते पुन्हा बोलायला लागले. सिस्टर रोज सकाळी विचारायच्या, "आज काय पाहिजे?" पप्पा रोज म्हणायचे, "काय नगं." एके दिवशी म्हणाले, "काकवी मिळंल?"

मालक त्याच दिवशी चालू असलेल्या तीन गुऱ्हाळांवर जाऊन आले. दोन ठिकाणच्या काकवीचा वास घेऊन त्यांनी त्या परत केल्या आणि तिसरी छोट्या बाटलीत आणली. अजून कोमट होती. आईने करंगळी बुडवून पप्पांच्या जिभेला लावली. पप्पांनी डोळे मिटून ती जिभेवर घोळवली, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "लई झालं." आई रडली, पण दुसरं बोट तिने बुडवलं नाही.

ते एका दुपारी गेले. आई उशाशी होती, मी त्यांच्या पायाशी. उसात वाऱ्याचा आवाज होता. ओठ ओले होते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमली. पप्पांना आवडायचं ते सगळं निवदात होतं: पुरणाची पोळी, तांबडा रस्सा, वडे, शिरा. कावळे समोरच्या झाडावर बसले होते आणि खाली येत नव्हते. लोकांची कुजबुज सुरू झाली. काहीतरी राहिलंय म्हणाले. कुणी म्हणालं, लेकीच्या लग्नाचं बोला. बोलले. कावळा आला नाही.

चुलत्यांचा बांध फुटला. "लग्नाचं काय न्हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "उपाशी गेलाय माझा भाऊ. अकरा दिवस अन्न न्हाय पोटात. शिकल्याल्या पोरीचं ऐकलं आनि उपाशी मारला त्येला!"

सगळे माझ्याकडे वळले. मी आईच्या मागे उभी होते.  जे मला स्वतःला रोज वाटत होतं तेच त्यांनी मोठ्याने म्हटलं होतं.

मालक मागच्या रांगेतून पुढं आले. आमच्या भावकीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

"पावणं, मी हिचा घरमालक," ते म्हणाले. "मीबी ताटाकडं बघूनच तपासलं. भरल्यालं ताट दिसलं, फुली मारली. चुकलो. आता तुमीबी ताटाकडंच बघाय लागलाय. तुमच्या भावाला पोटभर जेवान मीच घालाय लावलं, त्या काचेच्या दाराच्या जाग्यात. तवा त्यो पोट धरून रडत हुता. लेकीला येऊ नगंस म्हणत हुता. ह्या पोरीनं त्येला इचारलं. मी माझ्या आईलाबी इचारलं न्हवतं." ते माझ्याकडे वळले. "तिला भ्या वाटत हुतं. माझं वाटत हुतं, तुमचंबी वाटत हुतं. तरी तिनं केलं. दोष द्यायचा तर मला द्या. मी म्हातारा हाय, मला सोसतंय."

 शेवटी भटजी म्हणाले, ऊन वाढतंय. निवद गाईला घातला आणि सगळे घरी आले.

घरात तीन दिवस चूल नव्हती. भावकीतून भाकरी-आमटी आली होती. बायका आईला घेरून बसल्या होत्या. कुणी तिच्या हातात भाकरी कोंबत होतं, कुणी घास तोंडाशी नेत होतं. "खा गं, तीन दिस अन्न न्हाय पोटात. त्येच्यासाठी तरी खा. पोरीसाठी खा." आई मान फिरवत होती आणि घास मागे मागे जात होता. मी बघत होते आणि मला उठवत नव्हतं.

चुलते दारातून आत आले. उभे राहून ते क्षणभर बघत राहिले. मग बायकांना बाजूला व्हायला सांगून आईसमोर उकिडवे बसले. त्यांचे डोळे सुजले होते.

"वैनी," ते म्हणाले, "तुमास्नी काय पायजे?"

आईने वर बघितलं. तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिला विचार करायला वेळ लागला, आणि चुलते तेवढा वेळ तसेच बसून राहिले.

"वाईच चहा," आई म्हणाली.

चुलते उठून स्वतः शेजारच्या घरी गेले आणि चहा करून घेऊन आले. आई अर्धा कप प्याली आणि कप खाली ठेवला. उरलेला संपव, असं तिला कुणी म्हणालं नाही.